चौकड्यांचा झेंडा

"हलू नको," आमचे हे खालून ओरडले.

"मी हलले न्हाई तर झेंडा हलंल कसा?" मी वरून विचारलं.

"वारा हलवंल त्याला. तू बांबू घट धर."

मी डांबराच्या रिकाम्या पिंपावर उभी होते. हातात बांबू, बांबूला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं फडकं आणि समोर जनावरांच्या बाजाराचं रिकामं मैदान. बाजाराचा दिवस नव्हता हे माझं नशीब. नाहीतर जोती पेंटरची बायको पिंपावर चढून कसला झेंडा नाचवते आहे हे बघायला बैलांपेक्षा माणसंच जास्त जमली असती.

वारा काही आमच्या घरचा नोकर नव्हता. यायचा तेव्हा असा यायचा की मीच पिंपावरून उडून जाते की काय असं वाटायचं, आणि पडायचा तेव्हा फडकं ओल्या टॉवेलासारखं बांबूला चिकटून बसायचं. हे मांडीवर फळी आणि फळीवर कागद घेऊन बसलेले. त्यांनी पेन्सिल टेकवली की फडकं पडायचं, पेन्सिल उचलली की फडकायला लागायचं. वारा आणि फडकं, दोघांनी ठरवून यांची चेष्टा चालवली होती.

दिलावर मुल्ला बाजूला आपल्या मोटारसायकलवर बसून हसत होता. झेंडा त्यानंच आणला होता, कोल्हापूरच्या कुठल्याशा शर्यतीतून मागून. दिलावर स्टँडमागच्या गल्लीत गॅरेज चालवायचा आणि उरलेल्या वेळात हातपाय मोडून घ्यायचा.

"वहिनी, दमला असाल तर मी धरतो की," तो म्हणाला.

"तू धरू नको," हे म्हणाले. "तुझी उंची जास्त. मला खालनं निराळंच दिसंल."

मला कारण ठाऊक होतं. दिलावर पिंपावर चढला असता तर वरून त्याला यांचा कागद दिसला असता आणि कागदावर पेन्सिल कशी चालते तेही दिसलं असतं. म्हणून मी वर होते.

ही गोष्ट कराडातल्या मोटारसायकल शर्यतींच्या पहिल्या वर्षाची. शिर्के अण्णांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि त्यांना तालुक्यात काहीतरी नवीन करून दाखवायची फार हौस. त्यांनी क्लब काढला, दिलावरसारखी चार उनाड पोरं जमवली आणि बाजाराच्या मैदानावर मातीतली शर्यत ठेवली. शर्यत जिथं संपायची तिथं धान्याच्या गोदामाची उंच भिंत होती. त्या अख्ख्या भिंतीवर, शर्यत संपताना दाखवतात तो चौकड्यांचा फडकता झेंडा काढायचा, इतका मोठा की पुलावरून येणाऱ्या एस.टी.तून दिसला पाहिजे, असं अण्णांच्या मनात आलं. आणि असं काही अण्णांच्या मनात आलं की ते जोती पेंटरच्या दारात यायचे.

आमचे हे म्हणजे जोतीराम गुरव. कराडात त्यांना सगळे जोती पेंटर म्हणायचे. टॉकीजची मोठमोठी पोस्टरं, दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रकच्या मागचे मोर, सगळं त्यांच्या हातचं. दुसरे पेंटर अक्षरांसाठी वर-खाली दोरी मारून घ्यायचे. हे नुसता खांदा सैल सोडायचे आणि एका दमात अख्खं नाव ओढायचे. लोक सायकली थांबवून बघत उभे राहायचे. लग्न झालं तेव्हा मीही तशीच बघत राहिले होते, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, नाहीतर ते चढून बसले असते.

आमच्या कामाची पद्धत ठरलेली होती. रेघ हे काढायचे, आत रंग मी भरायचे. भरायला अक्कल लागत नाही, धीर लागतो, असं ते म्हणायचे आणि वर हसायचे. मी घरी ओसरीवर बसून पाट्या भरायचे. बाहेरच्या कामाला फारशी जात नव्हते, कारण बांबूच्या परांचीवर चढलेली बाई बघितली की लोक काम सोडून बाईच बघतात.

मग त्या शर्यतीच्या दोन-तीन वर्षं आधी त्यांचा उजवा हात हलायला लागला.

आधी मला वाटलं, थंडी आहे. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण भर उन्हाळ्यातसुद्धा ते "गारठा हाय जरा" म्हणायला लागले. मग ते पेन्सिल सोडून जाड कोळसा वापरू लागले. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरू लागले. मग माणसं बघत असली की काम पुढं ढकलू लागले आणि पाट्या घरी आणून, दार लोटून रेघा काढू लागले. पाटी माझ्या पुढ्यात यायची तेव्हा अक्षरांच्या कडा करवतीनं कापल्यासारख्या असायच्या.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? ज्या माणसाची सगळी ऐट त्या एका हातात होती, त्याला तुमचा हात गेला म्हणून सांगायचं? मी भरताना ब्रश जरासा रेघेच्या बाहेर न्यायचे, कुठं जरासा आत ठेवायचे. करवतीचे दात रंगाखाली जायचे आणि अक्षर पुन्हा गुळगुळीत होऊन बसायचं. पाटी वाळली की हे लांब उभे राहून बघायचे, मान डोलवायचे आणि "बसलंय चांगलं" म्हणायचे. मला इतकं बरं वाटायचं की विचारू नका. त्यांना काही कळलं नाही, त्यांच्या मनाला धक्का लागला नाही, एवढंच मला हवं होतं.

म्हणून अण्णा झेंड्याचं सांगून गेले तेव्हा मला पहिली आठवली ती गोदामाची भिंत. भिंत काही घरी आणता येत नाही.

"न्हाई म्हना त्यास्नी," मी भाकरी थापता थापता म्हटलं. "एवढ्या उन्हात परांचीवर चढायचं काय नडलंय?"

"का? मला जमायचं न्हाई म्हनतीस?"

"तसं कुटं म्हनले मी?"

त्यांनी हवेत हातानं एक लाट काढून बघितली. मग जरा खुशीत येऊन म्हणाले, "आगं, लाटंचं काम हाय ते. सरळ रेघ न्हाईच कुटं. फडकतंय ते. फडकत्याला जरा हिकडं-तिकडं झालं तर कुनाला कळतंय?"

म्हणजे त्यांनी हिशेब केला होता. सरळ अक्षरात हलता हात लगेच दिसतो. लाटेत लपेल. मला तो हिशेब पटला, कारण मला तो पटायला हवा होता. आम्ही दोघं इतकी वर्षं रंगाच्या धंद्यात, आणि दोघंही त्या फडक्यावर अशी आशा लावून बसलो.

अण्णांनी जाताना सांगितलंच होतं, "जोतीबा, रविवारी शर्यत. आमदार येणार आहेत. नसेल उरकत तर आत्ताच सांगा, कोल्हापूरचे पेंटर तयार आहेत." कोल्हापूरचे पेंटर कराडच्या भिंतीवर चढले की का चढले हे सगळ्या गावानं विचारलं असतं. आणि मग यांनी घरात बसून काय केलं असतं, हा विचार मी पुरा करतच नव्हते.

पिंपावरच्या कसरतीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भिंतीशी गेलो. चुना आदल्या दिवशीच मारून ठेवला होता. यांनी गेरूत भिजवलेली दोरी ताणून मापासाठी भिंतीवर उभ्या-आडव्या सरळ रेघा उठवून घेतल्या. दोरीचं एक टोक मी धरायचं, दुसरं त्यांनी, मधे चिमटीत धरून सोडली की फट्‌ आवाज होऊन लाल रेघ उमटायची. त्यात हात हलला तरी बिघडत नव्हतं. ते काम उरकेपर्यंत ते शीळ घालत होते.

मग ते परांचीवर चढले आणि झेंड्याची वरची कड काढायला घेतली. ती त्यांनी कशी काढली ते मला आजही दिसतं. कोपर बाजूला सोडून, अख्खा दंड फिरवत, चालत चालत त्यांनी ती लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली. चढली, वळली, खाली उतरली, पुन्हा चढली. मोठ्या फेऱ्यात हात हलला नाही. खरंच हलला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी फडक्यानं गेरूचे हात पुसायला लागले.

पण झेंड्याला नुसती वरची कड नसते. तिच्या खाली तशीच दुसरी लाट, तिच्या खाली तिसरी, प्रत्येक वरचीला सोबत धरून चालणारी. नुसता हात सोडून ती येत नाही, डोळा वरच्या रेघेवर ठेवून हळू न्यावी लागते. आणि हळू नेलं की हात हलायला लागला. सरळ रेघेला निदान दोरी असते. लाटेला कसली दोरी बांधणार? मग वरून खाली येणाऱ्या रेघा. त्या तर लाटेबरोबर इकडं झुकायच्या, तिकडं झुकायच्या, कापडाची घडी पडते तिथं एकमेकींच्या जवळ यायच्या. दुपारपर्यंत ते चार वेळा खाली उतरले. एकदा पाणी प्यायला, एकदा कोळसा मऊ आहे म्हणून, एकदा ऊन लागलं म्हणून. चौथ्यांदा काहीच न सांगता उतरले आणि पिंपाच्या सावलीत बसले.

मी लांब जाऊन बघितलं. वरची लाट देखणी होती. खाली झेंडा नव्हता, उंदरानं कुरतडलेलं जाळं होतं.

संध्याकाळी अण्णा स्कूटरवरून आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी भिंत न्याहाळली.

"वरची कड झकास," ते म्हणाले. "खालच्या जरा कातरल्यासारख्या वाटतात. का माझेच डोळे बिघडले?"

"नुसत्या रेघा हायेत, अण्णा," हे म्हणाले. "भरल्यावर बसत्यात सगळ्या."

"भरल्यावर बसतील ना नक्की?"

"बसत्यात. उद्या ही भरंल."

आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. एरवी माझ्याबद्दल बोलताना ते बघायचे. ते मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून परांचीवर चढले. हातात काळ्या रंगाचा डबा आणि रुंद ब्रश. हे खाली डब्यात रंग ढवळत बसले होते. मी वरच्या रांगेपासून सुरुवात केली. एक घर काळं, एक सोडायचं, एक काळं. वरची रांग छान भरली. मी हुशारले. रोजच्यासारखं करायचं, कडेला जरा बाहेर, जरा आत, आणि रेघ सरळ करून टाकायची.

दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत मला कळलं की इथं ते चालत नाही.

अक्षराचं बरं असतं. त्याच्या भोवती मोकळी जागा असते, तिथं ब्रश थोडा बाहेर गेला तरी कुणाचं काही जात नाही. झेंड्यात एका घराच्या बाहेर लगेच दुसरं घर. मी एका काळ्या घराची कड नीट केली की शेजारचं पांढरं बारीक झालं. ते फुगवायला त्याच्या पलीकडचं काळं आत घेतलं तर खालचं घर वाकडं दिसायला लागलं. एक निस्तरायला गेले की चार बिघडत होती. आणि त्या उंचीवर, भिंतीला नाक लावून उभं राहिल्यावर मला लाट दिसतच नव्हती, नुसते काळे डाग दिसत होते.

आता दोनच मार्ग होते. त्यांच्या रेघा आहेत तशा, दातांसकट भरायच्या आणि रविवारी सगळ्या गावाला दाखवायच्या. नाहीतर पुसून नव्या काढायच्या, म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांना खोटं पाडायचं. मी ब्रश धरून तशीच उभी राहिले. काळा रंग ब्रशावरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"थांबलीस का?" खालून आवाज आला.

"काय न्हाई. रंग दाट झालाय."

"रंग मी आत्ताच पातळ केलाय."

मी ब्रश डब्यात बुडवला.

"इंदू," हे म्हणाले. "भर की. रोज भरतीस तसं."

"रोज भरते तसंच भरतीया."

"न्हाई. रोज तू माझ्या रेघा नीट करून भरतीस. आज तेवढं भरतीयास."

मी परांचीचा बांबू धरला.

खाली बघायला जरा वेळ लागला. ते डबा ढवळायचं सोडून वर बघत होते. रागावलेले नव्हते. ताप उतरलेल्या माणसाचा असतो तसा दमलेला चेहरा होता.

"तुमास्नी ठावं हुतं?" मी विचारलं.

"पंचवीस वर्सं रेघा काढतोय. माझी रेघ कंची आन तुझी कंची, मला कळंना व्हय?"

"कवापास्नं?"

"पयल्या पाटीपास्नं."

मला इतका संताप आला की काय सांगू. इतके दिवस मी चोरासारखी ब्रश फिरवत होते, श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडं बघत होते, ते "बसलंय चांगलं" म्हणाले की देवापुढं हात जोडत होते. आणि हे सगळं ठाऊक असून शांतपणे मान डोलवत होते.

"मग बोलला का न्हाई?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू तरी कुटं बोललीस?"

"तुमास्नी वाईट वाटंल म्हनून न्हाई बोलले."

"मी बी त्येच्यासाठीच." ते उठून उभे राहिले. उजवा हात त्यांनी धोतरात लपवला नाही, तो मोकळा हलत होता. "मी बोललो असतो तर तू म्हनली असतीस, काम सोडा. आन काम सोडून मी करू काय? तू भरत हुतीस, पाटी चांगली दिसत हुती. म्हनलं, चाललंय तवर चालू दे."

माझा राग कुठं गेला कळलं नाही. एका घरात, एका ओसरीवर बसून आम्ही दोघं एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होतो, आणि ती दोघांनाही ठाऊक होती.

"आता ह्ये कसं करायचं?" मी भिंतीकडं बघून विचारलं.

"पूस."

"काय?"

"वरची कड सोडून बाकीचं पूस. कोळसा हाय, जातोय. काळा भरलास तिथं चुना मार. वाळंस्तवर आपन भाकरी खाऊ. मग तू काढ."

"मी? मला रेघ काढता येत न्हाई."

"मग कराडातल्या पाट्या कोन काढतंय?"

मी आजवर असा विचारच केला नव्हता. मी भरत होते. मला वाटायचं, मी नुसती भरते आहे.

भाकरी खाऊन झाल्यावर मी कोळसा हातात घेऊन वर चढले. हे भिंतीपासून लांब, मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तिथून त्यांना अख्खा झेंडा दिसत होता, मला फक्त माझा हात.

"वरच्या लाटंला धरून चल," ते ओरडले. "चढ. आनखी. आता वळ. आगं, लगीच खाली येऊ नको, तिला पोट दे."

"पोट म्हंजी कुटं?"

"तुझ्या खांद्याच्या समोर. हां. आता उतर. सावकास."

पहिली रेघ काढायला मला इतका वेळ लागला की तेवढ्यात त्यांनी पूर्वी अख्खी पाटी ओढली असती. तीनदा त्यांनी पुसायला लावली. चौथ्यांदा ते काहीच बोलले नाहीत. मी वळून बघितलं तर ते डोळे बारीक करून उभे होते आणि हळूहळू मान डोलवत होते. मग दुसरी रेघ. मग तिसरी. घडी पडते तिथं उभ्या रेघा जवळ घ्यायच्या, पोट येतं तिथं सैल सोडायच्या, हे त्यांनी मैदानातून ओरडून सांगायचं आणि मी काढायचं. माझा घसा कोरडा पडला होता, खांदे भरून आले होते आणि मला विलक्षण मजा येत होती. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही इतके गुंतलो होतो की स्कूटरचा आवाज आम्हाला ऐकूच आला नाही. मी वळले तेव्हा शिर्के अण्णा आणि त्यांच्या मागच्या सीटवरून उतरलेला दिलावर, दोघं यांच्या शेजारी येऊन उभे होते. अण्णांचं तोंड उघडं होतं.

"हे काय चाललंय, जोतीबा?" त्यांनी विचारलं. "रेघा वहिनी काढतायत?"

मी परांचीवरून घाईनं म्हटलं, "त्यास्नी ऊन लागलंय, अण्णा. म्हनून मी जराशी…"

"ऊन न्हाई लागलं," हे म्हणाले.

मैदानात लांब कुठंतरी एक म्हैस ओरडत होती. यांनी उजवा हात पुढं केला, पंजा उघडा ठेवून, डॉक्टरला दाखवतात तसा. हात थरथरत होता. उन्हात, सगळ्यांच्या समोर, अगदी स्वच्छ दिसत होता.

"हात गेलाय माझा," ते म्हणाले. "आज न्हाई, लई दिस झालं. पाट्या हीच काढतीया. मी नुसतं कच्चं काढून देतोय."

मला वाटलं, आता भिंत अंगावर येणार. ज्याच्यासाठी आम्ही श्वास रोखून जगलो होतो ते त्यांनी चार वाक्यांत, अण्णांच्या आणि दिलावरच्या पुढ्यात टाकून दिलं होतं.

अण्णा हाताकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मग पुन्हा हाताकडं.

"माझ्या दुकानाची पाटी?" त्यांनी विचारलं. "दिवाळीतली?"

"ती बी."

"ती मी सगळ्या बाजारपेठेला दाखवत फिरलो, जोतीबाचा हात बघा म्हणून."

"दाखवलीत खरं."

अण्णांनी स्कूटरची किल्ली बोटात फिरवली. ते कसला विचार करत होते कोण जाणे. मग त्यांनी भिंतीकडं मान वर करून बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि म्हणाले, "रविवारपर्यंत उरकेल ना?"

"उरकंल," हे म्हणाले.

"मग काढा. मी कशाला मधे येऊ?"

इतकंच. ज्या गोष्टीला आम्ही एवढे भ्यालो होतो ती त्या माणसानं टायरातली हवा बघावी तशी बघून सोडून दिली. मला त्यांचे पाय धरावेसेही वाटले आणि थोडा रागही आला.

गाव अण्णांइतकं सरळ निघालं नाही, हेही सांगून टाकते. झेंडा रविवारच्या आत उरकला, पण बातमी फिरली. टॉकीजवाल्यांनी पोस्टरं दुसरीकडं नेली. काही जण माझ्या तोंडावर म्हणाले की बाईनं काढलेली पाटी दुकानाला लाभत नाही. काही जण मात्र मुद्दाम माझ्याकडं आले आणि मी परांचीवर चढले की हे खाली उभे राहून ओरडायचे, ते गावाच्या सवयीचं झालं. तशी आम्ही पुढं बरीच वर्षं काढली. हाताची थरथर वाढत गेली, पण डोळा शेवटपर्यंत तसाच राहिला. माझ्या एकाही रेघेला त्यांनी फुकट मान डोलवली नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी अण्णांनी दिलावरला फाटकाजवळच्या टपरीवर पिटाळलं आणि तो सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. मी परांचीवरून खाली उतरले.

हात हलायला लागल्यापासून यांनी चारचौघांत चहा सोडला होता. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, पित्त होतं. घरी मात्र चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसायचे आणि पितळी भांड्यातून दोन्ही हातांनी प्यायचे. मी तेव्हा मुद्दाम घरामागच्या परड्यात निघून जायचे. त्यामुळं दिलावरनं कपबशी पुढं केली तसं मी सवयीनं म्हणायला तोंड उघडलं, की त्यांना चालत नाही.

यांनी कपबशी घेतली.

बशी लगेच वाजायला लागली. कप तिच्यावर नाचत होता, चहा कडेवरून बशीत सांडत होता. दिलावर एकदम आपल्या चपलांकडं बघायला लागला. अण्णांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. यांनी कप तोंडाला लावला तसा एक घोट शर्टावर गेला, दुसरा हनुवटीवरून गळ्यात उतरला. माझा हात पदराच्या टोकापर्यंत गेला. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर मी पुसून घेतलं असतं, मधे उभी राहून झाकून टाकलं असतं. इतके दिवस मी दुसरं काय केलं होतं?

मी पदर सोडून दिला आणि माझा चहा प्यायला लागले.

त्यांनी घाई केली नाही. सावकाश, सांडत-लवंडत, पुरा कप संपवला. शर्टावर पोटापर्यंत डाग पडला होता. मग रिकामी कपबशी, वाजत होती तशीच, त्यांनी दिलावरच्या हातात दिली.

"आनखी एक आन," ते म्हणाले. "साखर जरा जास्त टाकाय सांग."